काचेच्या अलीकडून

दर गुरुवारी साडेआठला लाल दिवा लागतो
आणि एल आल्तोच्या चार हजार मीटर उंच थंडीत
आमचं एका खोलीचं रेडिओ केंद्र घसा खाकरतं.
भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे, खिडकीला घोंगडी,
तरी खालच्या मिनीबसवाल्या पोराची आरोळी,
"सेहा, सेहा, एकच जागा!"
चर्चेत शिरतेच.
मी काचेच्या अलीकडे. आवाजाच्या खुंट्या पिळत.

आजचा विषय: जुनं आणि नवं.
विषय कसला, पोतं आहे. काहीही भरा.
प्राध्यापक अर्सेनियो विल्यारोएल टाय लावून आलेत
(रेडिओवर, टाय!)
आणि समोर विणकर दोन्या प्रिमितिवा कोल्के,
मांडीवर कोकाच्या पानांची हिरवी पिशवी.
चघळण्याचा आवाज माइकमध्ये येतो.
तो मी कापत नाही.

प्राध्यापक म्हणाले, समाजाने पुढे बघायला हवं,
संस्कृती मागे पडत चाललीय,
तिला हाताला धरून पुढे आणायला हवं.
मागे, पुढे, मागे, पुढे.
माझी सुई तांबड्यापर्यंत जाऊन परत आली.

दोन्या प्रिमितिवा गप्प.
रेडिओवर चार सेकंद म्हणजे आडात पडलेली घागर,
माझा हात गाण्याच्या बटणावर गेलासुद्धा होता,
तेवढ्यात म्हणाल्या:
"साहेब, आमच्या आयमारात नायरा म्हणजे डोळा.
आणि नायरा म्हणजेच होऊन गेलेलं.
जे झालं ते बघितलंय, म्हणून ते पुढ्यात.
उद्या कुणी बघितलाय? तो पाठीमागे.
तुमची आई तुम्हाला कुठे बांधून बाजारात जायची?"

प्राध्यापकांनी टायची गाठ चाचपली.
"पाठीवर," म्हणाले.
आयमारात म्हणाले.
सहा वर्षं येतायत,
ती भाषा त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली.
आवाज जरा लहान होता. मी खुंटी वर केली.

मग फोन. व्हिया आदेलाहून एक मुलगा:
रात्रीच्या हिमात बटाटे गोठवून, पायांनी तुडवून
आजी गावाकडे चुन्यो करायची,
आता आमचं गच्चीविना घर, म्हणून मी फ्रीजरमध्ये गोठवले,
आजी तोंडात घालत नाही. ते चुन्यो आहे का?

यावर अकरा मिनिटं वाद.
प्राध्यापकांनी 'परंपरेची पुनर्रचना' असं काहीतरी काढलं.
दोन्या प्रिमितिवांनी एवढंच विचारलं,
"तुडवलेस का?"
"हो. बाथरूममध्ये."
"मग चुन्यो आहे. वाईट असेल. पण आहे."

काचेपलीकडे दोघं हसले, मी हसलो,
आणि मला रुफिनो आठवला, माझ्या पाठचा भाऊ.
साओ पाउलोत शिलाई मशीनवर बसून
दर गुरुवारी तो हे मोबाइलवर ऐकतो,
अर्धा मिनिट उशिरा.
आमचं इथे बोलून झालेलं वाक्य
तिथे अजून व्हायचं असतं.
आम्ही हसून डोळे पुसत असतो
तेव्हा त्याच्याकडे मुलगा अजून विचारतोय,
ते चुन्यो आहे का?

लाल दिवा विझला.
आमचा जिना लोखंडी, शिडीसारखा उभा,
त्यावर दव गोठलेलं.
रस्त्याकडे पाठ करूनच तो उतरावा लागतो.
आधी दोन्या प्रिमितिवा, बारा घेरांचा परकर सावरत,
मग प्राध्यापक, टाय खांद्यावरून मागे टाकलेला,
शेवटी मी.
तिघांची तोंडं वरच्या दाराकडे,
जिथून आताच निघालो त्या उजेडाकडे,
आणि एकेक पाय खाली अंधारात
पायरी शोधत.

मध्येच खिशात फोन थरथरला.
रुफिनोचा निरोप होता. नुसतं हसणं,
आणि खाली: बाथरूममध्ये!

हात मोकळा नव्हता. उत्तर खाली पोचल्यावर दिलं.